एक सुवर्ण मोठं की पाच पदकं? ऑलिंपिकचा तक्ता मांडायच्या तऱ्हा

आमच्या वाचनालयाच्या व्हरांड्यात एक फळा आहे. वर्षभर त्यावर 'वर्गणी थकवू नये' एवढंच लिहिलेलं असतं. ऑलिंपिक आलं की ते पुसायचं आणि रोज सकाळी पदकांचा तक्ता मांडायचा, हे काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. ९ ऑगस्ट २०२४ च्या सकाळी, आदल्या रात्रीच्या जागरणाने चुरचुरणारे डोळे चोळत मी लिहिलं: पाकिस्तान, १ सुवर्ण. त्याच्या बरंच खाली लिहिलं: भारत, १ रौप्य, ४ कांस्य.

साडेआठला अण्णा पेपर वाचायला आले. निवृत्त तलाठी, त्यामुळे नोंद कुठे आणि कशी हे बघितल्याशिवाय पुढे जात नाहीत. फळ्यासमोर थांबले, चष्मा वर केला आणि खिशातून रुमाल काढून पाकिस्तानची ओळ सरळ पुसून टाकली. "पाच पदकं खाली आणि एक पदक वर? हा कुठला सातबारा?"

मी म्हटलं, "अण्णा, सगळीकडे असाच मांडतात."

"सगळीकडे चुकत असतील."

त्या दिवशी मी ओळ पुन्हा लिहिली, अण्णांनी पुन्हा पुसली नाही, पण प्रश्न राहिलाच. जुलै २०२८ मध्ये लॉस एंजेलिसचं ऑलिंपिक सुरू झालं की शाळेच्या भिंतीवर, ऑफिसच्या बोर्डावर किंवा सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी तक्ता लावणार आणि कुणीतरी रुमाल काढणार. ते काम तुमच्याकडे असेल, तर मांडायच्या पद्धती शेजारी शेजारी ठेवून एकदा बघाव्यात, म्हणून हे लिहितोय.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, म्हणजे 'नियम काय म्हणतो' हा वाद मिटेल. ऑलिंपिक सनदेच्या सहाव्या नियमात लिहिलंय की या स्पर्धा खेळाडूंमधल्या आहेत, देशांमधल्या नाहीत. देशांचा विजेता म्हणून कुणाला करंडक मिळत नाही. आयओसीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या, स्वतःच्या संकेतस्थळावर मात्र देशवार तक्ता झळकतो आणि तो सुवर्ण पहिलं धरून लावलेला असतो. म्हणजे जेवायला बसायचं नाही म्हणायचं आणि पान वाढून ठेवायचं. तेव्हा अधिकृत उत्तर शोधत बसू नका.

आधी सुवर्ण

जगभर हीच पद्धत चालते. ज्याची सुवर्णं जास्त तो वर. सुवर्णं सारखी असली तरच रौप्य बघायचं, रौप्यही सारखी असली तर कांस्य. शब्दकोशात 'कमळ' हा शब्द 'खडू'च्या आधीच येणार, पुढची अक्षरं काहीही असोत. इथेही तसंच आहे. पहिल्या रकान्यात फरक पडला की पुढचे रकाने कुणी बघत नाही.

पद्धत सोपी आहे, हा तिचा मोठा गुण. फळ्यावर उभ्या उभ्या लावता येते, बेरीज लागत नाही, आणि एका रौप्याला किती कांस्यं यावर भांडावं लागत नाही. शिवाय जिंकणं म्हणजे जिंकणं, ही भावना तिच्यात आहे आणि ती खोटी नाही.

पण आपल्यासारख्या चार-सहा पदकांच्या देशाला ही पद्धत फार विचित्र आरसा दाखवते. टोकियोत भारताची ७ पदकं होती, १ सुवर्ण, २ रौप्य, ४ कांस्य. नंबर ४८ वा. पॅरिसमध्ये ६ पदकं, १ रौप्य, ५ कांस्य. नंबर ७१ वा. एक पदक कमी झालं आणि आपण तेवीस पायऱ्या घसरलो. त्याआधीचं बघा. बीजिंगला २००८ मध्ये अभिनव बिंद्राचं सुवर्ण आणि दोन कांस्यं अशी तीनच पदकं होती, नंबर पन्नासावा. लंडनला २०१२ मध्ये पदकं दुप्पट, म्हणजे सहा, आणि नंबर पन्नासच्याही खाली गेला, कारण त्या सहांत सुवर्ण नव्हतं. या रकान्यावरून कुणी म्हणालं की २००८ ते २०१२ मध्ये भारतीय खेळ मागे गेला, तर त्याला वेड्यात काढायला हवं. तक्ता मात्र तेच म्हणतो.

वरच्या टोकालाही हीच गंमत आहे. पॅरिसमध्ये शेवटच्या दिवशी चीनची ४० सुवर्णं झाली होती आणि अमेरिकेची ३९. शेवटचा सामना महिला बास्केटबॉलचा, अमेरिका विरुद्ध फ्रान्स. अमेरिका तीन गुणांनी पुढे. घड्याळ संपता संपता फ्रान्सच्या गॅबी विल्यम्सने लांबून चेंडू टाकला, तो आतही गेला. पण टाकताना तिचा पाय रेषेवर पडला होता. तीनऐवजी दोनच गुण मिळाले, ६७-६६. पाऊल थोडं मागे असतं तर जादा वेळ खेळावा लागला असता, आणि त्यात अमेरिका हरली असती तर १२६ पदकं घेऊन ९१ पदकांच्या चीनच्या खाली बसली असती. जिंकल्यामुळे ४०-४० झालं आणि रौप्यांवर (४४ विरुद्ध २७) अमेरिका पहिली. दोन आठवडे, ३२९ सुवर्णं आणि निकाल एका बुटाच्या टोकावर.

नुसती बेरीज

अण्णांचं म्हणणं हेच होतं: जितकी पदकं तितकी मोजा. अमेरिकेतली बरीच वर्तमानपत्रं आणि वाहिन्या वर्षानुवर्षं असाच तक्ता लावत आल्या आहेत. बीजिंगच्या समारोपाला चीनची ५१ सुवर्णं आणि एकूण १००, तर अमेरिकेची ३६ सुवर्णं आणि एकूण ११० होती. जगाने चीनला पहिलं म्हटलं, अमेरिकेत अमेरिकाच वर होती. (पुढे उत्तेजकांच्या फेरतपासणीत चीनची तीन सुवर्णं काढून घेतली गेली. तक्ता लावणाऱ्याने समारोपाच्या दिवशीचे आकडे धरायचे की आजचे, हेही आधीच ठरवून टाकावं. मी समारोपाचे धरतो. जुना फळा कोण पुसत बसणार!)

हा वाद आजचा नाही. पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये, १८९६ साली अथेन्सला, अमेरिकेने ११ स्पर्धा जिंकल्या आणि यजमान ग्रीसने १०. पहिल्या तिघांत येण्याचा हिशेब केला तर अमेरिका २० आणि ग्रीस चाळीसच्या वर. पहिला कोण? त्या वेळी तर पहिल्याला रौप्यपदक मिळायचं, दुसऱ्याला तांब्याचं आणि तिसऱ्याला काहीच नाही. सुवर्ण, रौप्य, कांस्य ही उतरंड १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकपासून सुरू झाली.

बेरजेचा फायदा म्हणजे एखादा देश दर चार वर्षांनी वाढतोय की नाही हे चटकन कळतं, कारण एका दिवसाच्या नशिबावर सगळं झुलत नाही. खोट कुठे आहे, ते मात्र पॅरिसच्याच दोन ओळींत दिसतं. ब्राझील २० पदकं, न्यूझीलंड २० पदकं, बेरजेत बरोबरी. आत डोकावलं तर न्यूझीलंडची १० सुवर्णं, ७ रौप्यं, ३ कांस्यं आणि ब्राझीलची ३, ७, १०. दहा वेळा जिंकलेला आणि तीन वेळा जिंकलेला एकाच पायरीवर उभे केले, तर न्यूझीलंडच्या माणसानेही रुमाल काढला पाहिजे.

आणखी एक बारीक गोष्ट. कांस्यं मुळातच जास्त वाटली जातात. पॅरिसमध्ये सुवर्णं ३२९ आणि कांस्यं ३८५. कुस्ती, ज्युदो, तायक्वांदो आणि बॉक्सिंगमध्ये एका वजनगटात दोन कांस्यं असतात. त्यातही बॉक्सिंगला उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही पदक मिळतं, वेगळी लढत खेळावीच लागत नाही. विजेंदर, मेरी कोम आणि लवलिना यांची पदकं अशी आहेत. बॅडमिंटनमध्ये उपांत्य फेरीत हरलेल्याला तिसऱ्या क्रमांकाची लढत खेळावी लागते. पॅरिसला लक्ष्य सेन ती हरला आणि हात रिकामे. उपांत्य फेरीत हरले दोघेही, पण एकाच्या गळ्यात पदक आणि दुसरा चौथा. हा खेळाडूंचा दोष नव्हे, पण बेरजेत या गोष्टी धुऊन निघतात.

गुण द्यायचे

शाळेच्या क्रीडामहोत्सवात वाढलेल्या कुणालाही ही पद्धत सगळ्यात ओळखीची वाटेल. आमच्या शाळेत पहिल्याला ५, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला १ असे गुण आणि शेवटी ज्या तुकडीचे जास्त तिला सर्वसाधारण विजेतेपदाची ढाल. आठवी 'ब' एकही धावण्याची शर्यत न जिंकता ढाल घेऊन गेली होती. लंगडीत, गोळाफेकीत, रिलेत, सगळीकडे दुसरी-तिसरी. आमच्या 'अ' तुकडीला ते अजून पचलेलं नाही. पण खरं सांगायचं तर ती तुकडी आमच्यापेक्षा खेळात सरस होती, हे आम्हालाही माहीत होतं.

ऑलिंपिकला असे गुण लावणंही जुनंच. कुणी ५-३-१ लावतं, कुणी ३-२-१, कुणी ४-२-१. यातला सर्वांत रंगलेला प्रसंग १९५२ चा, हेलसिंकीचा. सोव्हिएत संघ पहिल्यांदाच ऑलिंपिकला आलेला. त्यांनी पहिल्या सहा क्रमांकांना ७-५-४-३-२-१ असे गुण लावले आणि शेवटी जाहीर केलं की अमेरिका ४९४, आपण ४९४, बरोबरी. सुवर्णांचा हिशेब अमेरिका ४० आणि सोव्हिएत २२ असा होता! अमेरिकेत पहिल्याला १० गुण देऊन वेगळीच बेरीज मांडली जात होती. ज्याला जे उत्तर हवं तसे गुण, हा या पद्धतीवरचा कायमचा आक्षेप, आणि तो हेलसिंकीने कमावलेला आहे.

मग मी एका रविवारी कागद घेऊन बसलो. पॅरिसमध्ये अमेरिका आणि चीन यांच्यानंतर तिसरं कोण, एवढाच प्रश्न घेतला आणि वेगवेगळे गुण लावून बघितले.

| पद्धत | जपान | ऑस्ट्रेलिया | फ्रान्स | ब्रिटन | तिसरा |
|---|---|---|---|---|---|
| फक्त सुवर्ण | २० | १८ | १६ | १४ | जपान |
| नुसती बेरीज | ४५ | ५३ | ६४ | ६५ | ब्रिटन |
| ३-२-१ | ९७ | १०८ | १२२ | ११५ | फ्रान्स |
| ५-३-१ | १४९ | १६३ | १८० | १६५ | फ्रान्स |
| ५-३-२ | १६२ | १७९ | २०२ | १९४ | फ्रान्स |
| १०-२-१ | २३७ | २३४ | २३४ | २१३ | जपान |

सुवर्ण धरलं तर जपान, बेरीज धरली तर ब्रिटन आणि गुण दिले तर फ्रान्स. तीन पद्धतींना तीन वेगळे 'तिसरे'. पण मला चकित केलं ते खालच्या ओळींनी. गुण ३-२-१ लावा, ५-३-१ लावा की ५-३-२, फ्रान्स जागचा हलत नाही. ४-२-१ आणि ६-२-१ सुद्धा करून बघितले, तेच उत्तर. जपानला तिसरा करायचा तर एका सुवर्णाला दहा कांस्यांची किंमत द्यावी लागते, तेव्हा कुठे तो तीन गुणांनी पुढे सरकतो. म्हणजे 'गुण कसेही लावा आणि हवा तो निकाल काढा' हा आक्षेप ऐकायला जितका मोठा वाटतो तितका तो नाही. माफक गुण लावले तर निकाल बऱ्यापैकी स्थिर राहतो. टोकाला गेलात तरच डळमळतो. आणि 'आधी सुवर्ण' हे त्याच टोकाचं शेवटचं टोक आहे, कारण तिथे एका सुवर्णापुढे शंभर रौप्यंसुद्धा कमी.

आता अण्णांची ओळ तपासू. पाकिस्तानचं १ सुवर्ण, भारताचं अखेरीस १ रौप्य आणि ५ कांस्यं. ३-२-१ ने पाकिस्तान ३, भारत ७. रौप्याला २ आणि कांस्याला १ ठेवून पाकिस्तानला वर काढायचं तर सुवर्णाला किमान ८ गुण हवेत.

सुवर्णाची किंमत आठ कांस्यांइतकी असते का? हे मतावर सोडण्यापेक्षा जे प्रत्यक्ष पैसे मोजतात त्यांच्याकडे बघावं, असं मला वाटलं. आपलं केंद्र सरकार ऑलिंपिक पदकाला सुवर्ण ७५ लाख, रौप्य ५० लाख, कांस्य ३० लाख देतं. हरियाणाची बक्षिसं सहा कोटी, चार कोटी आणि अडीच कोटी. पॅरिसच्या वेळी अमेरिकेची ऑलिंपिक समिती खेळाडूला ३७,५०० डॉलर, २२,५०० डॉलर आणि १५,००० डॉलर देत होती. रकमा आकाश-पाताळ वेगळ्या, पण कांस्याला २ धरून भागाकार करा. अमेरिकेचं प्रमाण नेमकं ५-३-२ येतं. केंद्र सरकारचं ५, साडेतीनच्या आत, २. हरियाणाचं ४.८, ३.२, २. एकमेकांशी काही ठरवलेलं नसताना तिघांचेही हात एकाच जागी पडले. तिजोरीतून पैसा काढायची वेळ आली की सुवर्ण अमूल्य वगैरे राहत नाही, ते कांस्याच्या साधारण अडीचपट होतं.

याला उलटं उदाहरणही आहे, आणि ते नेमकं माझ्या त्याच जागरणाच्या रात्रीचं, भालाफेकीच्या अंतिम फेरीचं. पॅरिसला जागतिक अॅथलेटिक्स संघटनेने प्रथमच रोख बक्षीस ठेवलं: सुवर्णाला ५०,००० डॉलर, रौप्य-कांस्याला शून्य. त्यामुळे अर्शद नदीमला ९२.९७ मीटरच्या फेकीवर ते मिळाले आणि ८९.४५ मीटर टाकणाऱ्या नीरज चोप्राला संघटनेकडून छदामही नाही. 'आधी सुवर्ण'वाल्यांचं तत्त्व पैशात उतरवलं की असं दिसतं. रौप्य-कांस्यालाही काही देण्याचं २०२८ साठी त्या संघटनेनेच म्हटलंय, यातच काय ते आलं.

जाता जाता, त्या दोघांच्या पदकांच्या वजनात फरक होता ४ ग्रॅमचा. पॅरिसचं सुवर्ण ५२९ ग्रॅम, रौप्य ५२५. सुवर्णपदकही आतून चांदीचंच असतं, वर सोनं ६ ग्रॅम. अर्ध्या तोळ्याहून थोडं अधिक. कांस्य मात्र ४५५ ग्रॅम, त्यामुळे गळ्यालाही फरक कळत असेल.

डोकी मोजायची

'१४० कोटींचा देश आणि सहा पदकं' हे वाक्य दर चार वर्षांनी कानावर येतं. त्यातून लोकसंख्येने भागायची पद्धत निघाली. हिच्याविषयी मी फार वेळ घेणार नाही, पण भालाफेकीच्या त्या मंचासाठी थोडं थांबू या. सुवर्ण पाकिस्तान, रौप्य भारत, आणि कांस्य ८८.५४ मीटर टाकणाऱ्या अँडरसन पीटर्सचं, ग्रेनाडाचं. कॅरिबियन समुद्रातलं हे बेट, वस्ती लाख-सव्वा लाख. आपल्याकडे एखाद्या मध्यम तालुक्यात याहून जास्त माणसं असतात. पॅरिसमध्ये त्यांना दुसरं कांस्य डेकॅथलॉनला मिळालं. म्हणजे साधारण साठ हजार माणसांमागे एक पदक, दरडोई पदकांत जगात पहिले.

तेच तीन देश, तीच एक रात्र. सुवर्णाने लावा: पाकिस्तान, भारत, ग्रेनाडा. बेरजेने लावा: भारत, ग्रेनाडा, पाकिस्तान. डोक्यांनी लावा: ग्रेनाडा आघाडीवर, आणि मागे एक मजा. पाकिस्तानचे चोवीस कोटी लोक आणि एक पदक. आपले साधारण एकशे चव्वेचाळीस कोटी आणि सहा पदकं, भागाकार चोवीस कोटी. म्हणजे ज्यांच्या वर-खाली होण्यावरून अण्णांनी रुमाल काढला ते दोघं इथे गळ्यात गळा घालून.

तरीही हा तक्ता फळ्यावर लावू नका. एका वाक्याची गंमत म्हणून ठीक. कारण मोठ्या देशाला डोक्यांच्या प्रमाणात खेळाडू पाठवूच देत नाहीत. अॅथलेटिक्समध्ये एका देशाचे एका प्रकारात फार तर तीन. टेबल टेनिसमध्ये चीनने २००८ ला पुरुष आणि महिला एकेरीची सगळीच पदकं नेली, त्यानंतर एकेरीत एका देशाचे दोघंच, असा नियम झाला. म्हणजे तिसरं पदक मिळायची वाटच बंद. चीनची लोकसंख्या दुप्पट झाली तरी तिथे पदकं वाढणार नाहीत. उलट चौतीस हजार वस्तीच्या सान मारिनोला टोकियोत तीन पदकं मिळाली की ते जगज्जेते. दोन-तीन पदकांवर भागाकार केला की तो असाच उड्या मारतो. देशाच्या उत्पन्नाने भागायची पद्धतही याच जातीची, तिच्याविषयी एवढंच पुरे.

कुठल्याच रकान्यात न मावणारं

दोन गोष्टी कुठलीही पद्धत नीट पकडत नाही.

एक म्हणजे सांघिक पदक. हॉकीत भारताची आठ सुवर्णं आहेत. पहिलं १९२८ चं, आठवं १९८० चं, मध्ये बावन्न वर्षं आणि खेळाडूंच्या कितीतरी पिढ्या. मायकल फेल्प्सने बीजिंगच्या एकाच तलावात एकाच ऑलिंपिकमध्ये आठ सुवर्णं काढली. तक्त्यात आठ बरोबर आठ. पॅरिसमध्ये पोहण्याची ३७ सुवर्णं होती, हॉकीची दोन. मग सांघिक पदकाला सोळा धरायचं का? तसं केलं तर गळे मोजल्यासारखं होतं आणि फुटबॉल-हॉकीवाले देश सगळ्यांना गिळून टाकतील. मी प्रयत्न केला आणि सोडून दिला.

दुसरी गोष्ट चौथा नंबर. पॅरिसमध्ये भारताचे खेळाडू सहा वेळा चौथे आले. मनू भाकर दोन कांस्यांनंतर तिसऱ्या प्रकारात चौथी, अर्जुन बबुता चौथा, मीराबाई चानू चौथी, लक्ष्य सेन चौथा, तिरंदाजीच्या आणि स्कीट नेमबाजीच्या मिश्र जोड्या चौथ्या. सगळ्या पद्धतींत यांची किंमत शून्य. सोव्हिएतांच्या ७-५-४-३-२-१ मध्ये मात्र या सहांचेच १८ गुण झाले असते. हेलसिंकीत त्यांनी ती पद्धत सोयीसाठी काढली असेल, पण देशाच्या खेळाची खोली मोजायची तर माझ्या मते तीच सर्वांत प्रामाणिक आहे. फक्त रोज सकाळी सहाव्या क्रमांकापर्यंतचे निकाल गोळा करायला वाचनालयाला एक माणूस पगारी ठेवावा लागेल.

हेलसिंकीचा विषय निघालाच आहे तर, त्याच ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्य जिंकलं. भारताच्या ओळीत १ सुवर्ण हॉकीचं आणि १ कांस्य खाशाबांचं. जायला पैसे नव्हते, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण ठेवून सात हजार दिले. परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत आणि महाराष्ट्राच्या मातीला थेट २०२४ पर्यंत थांबावं लागलं, राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेच्या कांस्यापर्यंत. ही दोन कांस्यं तक्त्यात इतर कुठल्याही कांस्यासारखीच दिसतात आणि दिसायलाही हवीत. बहात्तर वर्षांची वाट तक्त्यात घातली तर मग प्रत्येक गाव आपापली वाट घेऊन येईल.

मग लावायचं काय

तुमचा फळा कशासाठी आहे त्यावर थोडं अवलंबून आहे. रोजच्या रोज टीव्हीशी ताडून बघणारी मंडळी समोर असतील तर 'आधी सुवर्ण'च ठेवा, नाहीतर दिवसभर 'तुमचं चुकलंय' ऐकत बसाल. वरच्या पाच-दहा देशांची झुंज दाखवायला ते वाईट नाही. शाळेत मुलांना आपला देश पुढे जातोय का हे दाखवायचं असेल तर ती पद्धत मुळीच नको. तिथे गुण द्या.

आणि गुण द्यायचे तर माझं मत ५-३-२ ला. ३-२-१ तोंडी करायला सोपं आहे, ते चालेल, पण ५-३-२ मागे खिशातून पैसे काढणाऱ्यांची साक्ष आहे. त्याने २००४ पासून भारताचे गुण असे येतात: ३, ९, १४, ५, १९, १३. अथेन्स, बीजिंग, लंडन, रिओ, टोकियो, पॅरिस. बीजिंगहून लंडनला चढ, रिओला आपटी, टोकियोला उडी, पॅरिसला थोडी घसरण. ज्याने ही सहा ऑलिंपिकं बघितली त्याला हे पटतं की नाही, बघा. क्रमवारीतलं पन्नासाव्यावरून खाली, मग अठ्ठेचाळीस, मग एकाहत्तर हे काही त्या आठवणींशी जुळत नाही. बास्केटबॉलच्या त्या पावलाचंही इथे बरं होतं. अमेरिका तो सामना जिंकली म्हणून ४१६, हरली असती तर ४१४, आणि चीन दोन्हीकडे ३२९.

नुसती बेरीज मी पद्धत म्हणून वापरणार नाही, पण शेवटच्या रकान्यात लिहीनच. तेवढा मान अण्णांचा.

पुढच्या फळ्याची आखणी त्यांना गेल्या महिन्यात कागदावर दाखवली: देश, सुवर्ण, रौप्य, कांस्य, गुण, एकूण. क्रम गुणांनी. अण्णांनी पॅरिसचे आकडे घालून पाकिस्तान ५, भारत १३ हे स्वतः ताडून बघितलं, मान डोलावली आणि कागद घडी घालून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी परत आणून दिला तेव्हा समासात पेन्सिलीने प्रश्न लिहिला होता. लॉस एंजेलिसला क्रिकेट आहे, सहाच संघ. तिथे सुवर्ण मिळालं तर त्याचेही पाचच गुण, आणि एखाद्या वजनगटात साऱ्या जगाशी लढून कुणी कांस्य आणलं त्याचे दोन?

अजून उत्तर दिलेलं नाही.